छापलेलें तें सारें खरें काय?

(अभ्यासासाठीं लेख. वाचावयाचा भाग : प्रेषितांचीं कृत्यें १७ : १०–१२)

आमच्या खेड्यापाड्यांत एखाद्या गोष्टीवर वाद पडला असतां कोणी कागद पुढें केला व "हें पाहा, छापलेलें आहे," असें म्हटलें, म्हणजे बहुधा वाद तेथेंच मिटतो. तोंडचा शब्द फिरविला जातो, हातचें लिखाण खोडतां येतें. परंतु छापलेलें अक्षर सरळ, स्वच्छ व सारखें असतें, म्हणून तें खरेंच असलें पाहिजे असें साध्या मनुष्यास वाटतें. आतां तर कागदाचीही गरज उरली नाहीं. हातांतील मोबाइलच्या कांचेवर अक्षरें उमटलीं कीं तींही छापल्यासारखींच प्रमाण मानलीं जातात. ह्या समजुतीनें हित किती व अनहित किती होतें हें पाहावयाचें असेल, तर युरोपांत छापण्याची कला जेथें उदयास आली त्या नगराचा इतिहास पाहावा. तें नगर म्हणजे जर्मनींतील ऱ्हाइन नदीच्या कांठचें माइन्झ. तेथून निघालेल्या ह्या कलेनें सुमारे दोनशें वर्षांच्या अवधींत काय काय केलें, तें ह्या पाठांत क्रमानें पाहूं.

१. अनेक हुन्नरांची सांगड

योहान गुटेनबर्ग ह्याचा जन्म इ. स. १४०० च्या सुमारास माइन्झ येथें झाला. त्याचें कुळ घरंदाज असून त्याचा संबंध नाणीं पाडण्याच्या टांकसाळीशीं होता. त्या काळीं जुनीं घरंदाज कुळें व कारागिरांचे संघ ह्यांच्यांत नगराच्या कारभारावरून व करांवरून मोठी तेढ असे, आणि तीमुळें कित्येक कुळांस वेळोवेळीं नगर सोडावें लागे. गुटेनबर्ग हा १४३४ पासून १४४४ पर्यंत स्ट्रासबुर्ग येथें असल्याचें तेथील कागदपत्रांवरून दिसतें.

स्ट्रासबुर्ग येथें त्यानें भागीदार मिळवून एक धंदा काढिला. आखेन येथील यात्रेस जाणारे लोक धातूचे लहान आरसे विकत घेत; तेथें दाखविल्या जाणाऱ्या पवित्र अवशेषांचें तेज त्या आरशांत धरून घरीं नेतां येतें अशी त्यांची श्रद्धा होती. असे आरसे मोठ्या संख्येनें तयार करावे हा बेत होता. परंतु १४३९ ची यात्रा एक वर्ष पुढें गेली. एक भागीदारही मरण पावला, व त्याच्या भावांनीं गुटेनबर्गवर फिर्याद केली. निकाल गुटेनबर्गच्या बाजूनें लागला. परंतु त्या खटल्याच्या साक्षींत शिसें, एक दाबयंत्र व छापण्याचें काम ह्यांचा उल्लेख आला आहे. आरशांच्या आड दुसरेंही कांहीं गुपचूप चाललें होतें, हें त्यावरून कळतें.

छापण्याची कल्पनाच गुटेनबर्गनें प्रथम काढिली असें कित्येक समजतात. तें बरोबर नाहीं. चीन देशांत लांकडी फळीवर अक्षरें कोरून छापीत असत, व अशा रीतीनें इ. स. ८६८ मध्यें छापलेलें पुस्तक आजही शिल्लक आहे. सुटीं अक्षरें भाजलेल्या मातीचीं करून तीं जुळविण्याची युक्ति पी शंग नावाच्या चिनी कारागिरानें इ. स. १०४० च्या सुमारास काढिली होती. धातूच्या सुट्या अक्षरांनीं छापलेला बौद्ध ग्रंथ कोरिया देशांत १३७७ सालीं निघाला. कागदही मूळचा चीनचा. तो अरबांच्या हातून स्पेन व इटली येथें आला, आणि जर्मनींत त्याची पहिली गिरणी १३९० सालीं न्यूरेंबर्ग येथें सुरू झाली.

मग गुटेनबर्गचें स्वतःचें काय? त्याची सांगड घालण्याची बुद्धि. सोनाराजवळ ठसा होता, टांकसाळींत धातु ओतण्याचें ज्ञान होतें, द्राक्षांचा रस काढणाऱ्याजवळ मळसूत्री दाबयंत्र होतें, चित्रकाराजवळ तेलाचा रंग होता, व बाजारांत कागद मिळत होता. हे सर्व हुन्नर जवळजवळ असूनही एकमेकांस ओळखत नव्हते. गुटेनबर्गनें त्यांस एका छपराखालीं आणिलें.

ह्या कलेची पुढें रूढ झालेली रीत अशी. पोलादाच्या सळईच्या टोंकावर एक अक्षर उलटें व उठावदार कोरावयाचें. हा ठसा होय. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला म्हणजे तेथें अक्षराची खोल खूण उमटते. तिला मातृका म्हणतात. ही मातृका साच्याच्या तळाशीं बसवून वरून शिसें, कथिल व अँटिमनी ह्या धातूंचा रस ओतावयाचा. तो लगेच थिजतो व एक खिळा तयार होतो. वीट पाडणाराचा साचा एकच असतो, पण विटा हव्या तितक्या व सारख्या मापाच्या निघतात, तसेंच हें आहे. ह्या खिळ्यांच्या ओळी जुळवून पान बांधितात. छापून झालें कीं पान सोडून तेच खिळे पुढील पानास घेतात. लिहिण्याची पाण्याची शाई धातूवर टिकत नाहीं, म्हणून जवसाच्या तेलांत काजळी घोटून चिकट शाई करावी लागली. हें सर्व साधावयास वर्षानुवर्षें गेलीं, व पैसाही पुष्कळ गेला.

२. कर्ज आणि खटला

१४४८ सालीं गुटेनबर्ग माइन्झला परत आलेला दिसतो. १४५० सालीं त्यानें योहान फूस्ट नावाच्या सधन गृहस्थाकडून ८०० गुल्डन शेंकडा ६ व्याजानें घेतले व आपलीं उपकरणें तारण ठेविलीं. गुल्डन हें सोन्याचें नाणें होतें, व ही रक्कम त्या काळीं फार मोठी होती. दोन वर्षांच्या सुमारास फूस्टनें आणखी ८०० गुल्डन दिले. ह्या वेळीं तो नफ्यांतील भागीदार झाला.

पीक हातीं येण्यापूर्वीं सावकाराचा तगादा यावा, हें दुःख आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. गुटेनबर्गचें तसेंच झालें. कागद, चर्मपत्रें व मजुरी ह्यांचा खर्च आधीं करावयाचा, आणि पुस्तक विकेल तेव्हां पैसा परत यावयाचा. काम संपत आलें असतांच फूस्टनें मुद्दल व व्याज मिळून २,०२६ गुल्डनांची फिर्याद लाविली. ह्या खटल्यासंबंधीं १४५५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ६ व्या तारखेस केलेला लेख आजही उपलब्ध आहे. निकाल मुख्यतः फूस्टच्या बाजूनें गेला. गुटेनबर्गच्या हाताखालीं तयार झालेला कुशल कारागीर पेटर शॉफर हाही फूस्टकडे राहिला, व पुढें त्याचा जांवई झाला. १४५७ सालीं माइन्झ येथें स्तोत्रसंहितेचें एक सुंदर पुस्तक छापलें गेलें. छापणारांचीं नांवें व छापल्याची तारीख ज्यांत छापिली आहे असें तें पहिलें पुस्तक होय. त्यांत नांवें आहेत तीं फूस्ट व शॉफर ह्यांचीं. गुटेनबर्गचें नांव छापणारा म्हणून कोणत्याही पुस्तकावर आढळत नाहीं.

३. एका कलेचीं दोन कामें

ज्या कामासाठीं हें कर्ज काढिलें तें पवित्र शास्त्राचें लॅटिन पुस्तक होतें. पानावर दोन रकाने, बहुतेक पानांत ४२ ओळी, व एकंदर पानें १,२०० हून अधिक. सुमारे १८० प्रति काढिल्या असाव्या. बहुतेक कागदावर व थोड्या चर्मपत्रावर. चर्मपत्राच्या एका प्रतीस सुमारे १७० वासरांचीं कातडीं लागत. १४५४ सालीं ह्या ग्रंथाचे कांहीं छापील भाग फ्रँकफुर्ट येथें एनेआ सिल्व्हियो पिकोलोमिनी नामक विद्वान् बिशपानें पाहिले. पुढील मार्च महिन्यांत त्यानें एका कार्डिनलास लिहिलें कीं, अक्षरें इतकीं स्वच्छ आहेत कीं चष्म्यावांचून वाचतां येतील, आणि काम पुरें होण्यापूर्वींच सर्व प्रतींस गिऱ्हाइकें मिळालीं आहेत. हे गृहस्थ पुढें १४५८ सालीं पायस दुसरे ह्या नांवानें पोप झाले. त्यांचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुन्हा येणार आहे.

आतां दुसरें काम पाहा. १४५३ च्या मे महिन्याच्या २९ व्या तारखेस तुर्कांनीं कॉन्स्टँटिनोपल घेतलें व सर्व युरोपभर भीति पसरली. सायप्रस बेटाच्या रक्षणासाठीं द्रव्य देणारास पापाच्या शिक्षेंतून सूट मिळेल अशीं क्षमापत्रें पोपच्या आज्ञेनें विकलीं जाऊं लागलीं. पूर्वीं प्रत्येक पत्र हातानें लिहावें लागे. आतां माइन्झ येथें तीं छापून निघालीं. घेणाराचें नांव व तारीख ह्यांपुरती जागा कोरी सोडलेली असे. ह्यांपैकीं ज्यावर हातानें घातलेली सर्वांत जुनी तारीख आढळते तें १४५४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व्या दिवसाचें आहे.

म्हणजे ज्या नगरांत व ज्या वर्षीं देवाच्या वचनाचीं पानें छापलीं जात होतीं, त्याच नगरांत त्याच वर्षीं पैशानें मिळणाऱ्या क्षमेचे कागदही छापले जात होते. शाई तीच, शिसें तेंच, मळसूत्र तेंच. आपण काय छापतों हें खिळ्यांस कळत नाहीं. हा ह्या पाठाचा पहिला मुद्दा होय.

४. दोन आर्चबिशपांचें भांडण

माइन्झचा आर्चबिशप हा केवळ धर्माधिकारी नव्हता. तो मोठा संस्थानिक असून जर्मन बादशहा निवडणाऱ्या सात जणांपैकीं एक होता. १४६१ सालीं डीटर फॉन इझेनबुर्ग हा त्या गादीवर असतां पोपनें त्यास काढून अडोल्फ फॉन नासाऊ ह्यास नेमिलें. हा पोप म्हणजे तोच पायस दुसरा, ज्यानें छापील अक्षरांची एवढी तारीफ केली होती. डीटर हटला नाहीं. दोन्ही पक्षांनीं आपापलीं जाहीरपत्रें काढिलीं, आणि नवलाची गोष्ट ही कीं, दोघांचींही पत्रें फूस्ट व शॉफर ह्यांच्याच छापखान्यांत छापलीं गेलीं! प्रत्येकाच्या पत्रांत स्वतःची बाजू न्यायाची होती, आणि दोन्ही पत्रांचीं अक्षरें सारखींच सुबक होतीं.

१४६२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २८ व्या तारखेस पहांटे अडोल्फचें सैन्य नगरांत शिरलें. सुमारे ४०० नागरिक मारले गेले, शेंकडों लोक घरांतून हांकून दिले गेले, व नगराचे जुने हक्क नाहींसे झाले. छापखान्यांतील कारागीर पोटासाठीं देशोधडीस लागले. ही कला स्ट्रासबुर्ग व बांबेर्ग येथें आधींच पोहोंचली होती. आतां ती अधिक वेगानें पसरली. जर्मन कारागिरांनीं १४६५ सालीं इटलींत रोमजवळील सुबियाको येथें, १४६९ सालीं व्हेनिस येथें व १४७० सालीं पॅरिस येथें छापखाने घातले. इंग्लंडांत विल्यम कॅक्स्टन ह्यानें १४७६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें छापखाना काढिला. इ. स. १५०० पर्यंत अडीचशेंहून अधिक नगरांत छपाई होऊन सुमारे ३०,००० निरनिराळे ग्रंथ व कागद निघाले होते. ज्या अडोल्फनें नगर लुटलें त्यानेंच १४६५ सालीं वृद्ध गुटेनबर्गास दरबारी मान देऊन वर्षास वस्त्र, धान्य व द्राक्षरस लावून दिला. गुटेनबर्ग १४६८ सालीं मरण पावला.

५. बंदी, क्षमापत्रें व ल्यूथर

छापखान्याची शक्ति अधिकाऱ्यांच्या ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. १४८५–८६ सालीं माइन्झचा आर्चबिशप बेर्टोल्ड ह्यानें हुकूम काढिला कीं, ग्रीक, लॅटिन वगैरे भाषांतून जर्मन भाषेंत आणिलेलें कोणतेंही पुस्तक तपासून घेतल्यावांचून छापूं अथवा विकूं नये. अडाणी पुरुषांच्या व स्त्रियांच्या हातीं पवित्र ग्रंथ गेले तर ते त्यांचा अर्थ कसा समजणार, असें त्याचें म्हणणें होतें. वास्तविक पाहतां जर्मन भाषेंतील पवित्र शास्त्र स्ट्रासबुर्ग येथें १४६६ सालींच छापलें गेलें होतें, व ल्यूथरपूर्वीं त्याच्या १८ आवृत्त्या निघाल्या होत्या.

१५१४ सालीं अल्ब्रेख्ट हा माइन्झचा आर्चबिशप झाला. हें पद मिळविण्यासाठीं त्यानें आउग्सबुर्ग येथील फुगर ह्या सावकारांकडून मोठें कर्ज काढिलें होतें. तें फेडण्यासाठीं क्षमापत्रांची विक्री झाली. अर्धें द्रव्य कर्जाकडे व अर्धें रोम येथील संत पेत्राच्या मंदिराकडे जावें असा ठराव होता. विकत घेणाऱ्या गरीब मनुष्यास ही आंतली गोष्ट ठाऊक नव्हती. त्याच्या हातीं फक्त छापलेला कागद होता. १५१७ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ३१ व्या तारखेस मार्टिन ल्यूथर ह्यानें ह्या विक्रीविरुद्ध आपले ९५ मुद्दे ह्याच आर्चबिशपास पाठविले. ते त्याच वर्षीं अनेक नगरांत छापले गेले. पुढील वर्षीं ल्यूथरनें ह्याच विषयावर साध्या जर्मन भाषेंत लिहिलेल्या लहानशा पुस्तिकेच्या दोन-तीन वर्षांत वीसाहून अधिक आवृत्त्या निघाल्या. १५२२ सालीं त्यानें केलेलें नव्या कराराचें भाषांतर प्रसिद्ध झालें, आणि हजारों घरांत तें वाचलें जाऊं लागलें. ज्या कलेनें क्षमापत्रें स्वस्त केलीं, त्याच कलेनें त्यांचें बिंग फोडिलें.

६. शेतकऱ्यांचीं बारा कलमें

हा भाग आमच्या खेड्यांतील बंधुभगिनींनीं विशेष लक्षपूर्वक वाचावा. १५२५ च्या मार्च महिन्यांत दक्षिण जर्मनींतील शेतकऱ्यांच्या वतीनें मेमिंगेन नगरांत बारा कलमांची एक पुस्तिका तयार झाली. तिच्या लेखनांत सेबास्टियान लॉट्झर ह्या कातडीं कमावणाऱ्या कारागिराचा मोठा वांटा होता. मंडळीनें आपला पाळक स्वतः निवडावा. धान्याचा दशमांश पाळकाच्या पोटास व गांवांतील गरिबांस लागावा. ख्रिस्तानें सर्वांस सोडविलें असतां एकानें दुसऱ्याचें गुलाम असूं नये. नदींतील मासे, रानांतील लांकूड व गांवचें गायरान धनिकांनीं बळकावूं नये. वेठ व खंड वाजवी असावा, अशा त्या मागण्या होत्या. शेवटचें कलम असें कीं, ह्यांतील कोणतीही मागणी शास्त्राच्या विरुद्ध आहे असें कोणी दाखवून दिल्यास ती आम्ही मागें घेऊं. थोड्याच आठवड्यांत ह्या पुस्तिकेच्या सुमारे २५ आवृत्त्या निघाल्या. शेतकऱ्यांचें गाऱ्हाणें एवढ्या दूरवर पूर्वीं कधींच ऐकूं गेलें नव्हतें.

त्याचा शेवट मात्र दुःखाचा झाला. ल्यूथरनें प्रथम जमीनदारांस दोष दिला व शेतकऱ्यांस शांत राहण्याचा उपदेश केला. परंतु दंगे माजल्यावर त्यानेंच दुसरी पुस्तिका छापून बंडखोरांस ठार करावें असें राजांस सांगितलें. राजांस सांगण्याची गरज नव्हती. त्या वर्षीं सुमारे ७०,००० ते एक लाख शेतकरी मारले गेले असा अंदाज आहे. ज्याच्या लेखणीचे आम्ही ऋणी आहों त्याचेंही प्रत्येक छापलेलें पान सारखेंच मोलाचें नसतें, हें येथें प्रांजळपणें म्हटलें पाहिजे. उलट, "आमचें चुकत असेल तर दाखवा" हें वाक्य ज्यांच्या कागदावर होतें ते शेतकरी हरले. तरी वाचकांस त्यांनीं एक मोठा नियम शिकविला. जो कागद आपली परीक्षा होऊं देतो त्यावर विश्वास ठेवण्यास कारण असतें. जो परीक्षेसच पाप म्हणतो त्यापासून सावध असावें.

७. हरलेला मनुष्य छापून जिंकतो

१४८५ सालीं हाइन्रिख क्रामर ह्या धर्मन्यायाधीशानें इन्सब्रुक येथें कांहीं स्त्रियांवर चेटकिणी म्हणून खटला भरिला. तेथील बिशपानें तो खटला बंद पाडिला, स्त्रियांस सोडून दिलें, व क्रामरास निघून जाण्यास सांगितलें. क्रामरानें मग पुस्तक लिहिलें. तें माइन्झहून फार दूर नसलेल्या श्पायर नगरांत १४८६ च्या सुमारास छापलें गेलें. चेटकीण कशी ओळखावी, तिचा छळ करून कबुली कशी घ्यावी व तिला कशी मारावी, हें त्यांत सांगितलें होतें. पुस्तकास वजन यावें म्हणून त्याला पोपचें १४८४ सालचें एक पत्र जोडलें होतें. ज्याला न्यायाच्या आसनापुढें आपली गोष्ट सिद्ध करितां आली नाहीं, त्याची गोष्ट छापखान्यानें गांवोगांव पोहोंचविली. पुढील पावणेदोनशें वर्षांत त्या पुस्तकाच्या पंचवीसाहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

युरोपांत चेटकाच्या आरोपावरून सुमारे ४० ते ५० हजार माणसें मारलीं गेलीं; त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. हा सगळा दोष एका पुस्तकाचा नव्हे. दुष्काळ, युद्धें, शेजाऱ्यांतील द्वेष व छळाचा कायदा हींही कारणें होतीं. रोमन कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट ह्या दोन्ही पक्षांच्या प्रांतांत हें घडलें. परंतु भीतीला पुस्तकाचा आधार मिळाला म्हणजे ती विद्या होऊन बसते, आणि मग शहाणे न्यायाधीशही तिच्यापुढें मान वांकवितात.

ह्याही विषावर उतारा छापखान्यांतूनच आला. फ्रीड्रिख श्पे हा जेझुइट पाळक होता. १६३१ सालीं रिन्टेल्न येथें त्याचें लॅटिन पुस्तक नांवावांचून छापलें गेलें. छळानें घेतलेली कबुली हा पुरावा नव्हे. ज्या यातना त्या स्त्रियांस दिल्या जातात त्या दिल्या तर आम्ही सर्वच चेटके ठरूं, असें त्यानें दाखवून दिलें. हें पुस्तक ज्यांनीं वाचलें त्यांत योहान फिलिप फॉन शॉनबोर्न नावाचा धर्माधिकारी होता. तो १६४७ सालीं माइन्झचा आर्चबिशप झाला व आपल्या प्रांतांत त्यानें हे खटले बंद पाडिले. अशा रीतीनें एका पुस्तकानें दिलेल्या हत्यारास दुसऱ्या पुस्तकानें धार राहूं दिली नाहीं. परंतु मधल्या काळांत ज्या मेल्या त्या परत आल्या नाहींत.

चेटकीण ठरवून विधवेस अथवा एकाकी म्हातारीस छळण्याचे प्रकार आमच्या देशांतही घडलेले आहेत. अमुक मनुष्य करणी करितो असें म्हणून त्यास त्रास देणें हा महाराष्ट्रांत २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा ठरला आहे, हें प्रत्येक उपदेशकानें आपल्या गांवांत सांगावें.

८. आमच्या भाषेचे खिळे

ही कला हिंदुस्थानांत प्रथम गोव्यास आली. १५५६ सालीं ॲबिसिनियाकडे जावयाचा एक छापखाना गोव्यास उतरला तो तेथेंच राहिला. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचें मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोव्यांतील राचोल येथें छापलें गेलें. परंतु भाषा मराठी असून अक्षरें रोमन होतीं, कारण नागरी खिळे तेथें नव्हते. नागरी लिपीस काना, मात्रा व जोडाक्षरें धरून शेंकडों खिळे लागतात. गुटेनबर्गचीही अडचण अशीच होती. हस्तलिखिताची हुबेहूब नक्कल साधण्यासाठीं त्यानें जोडलेलीं व संक्षिप्त अक्षरें धरून २७० हून अधिक प्रकारचे खिळे पाडिले होते.

पुढें १८०५ सालीं बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें विल्यम केरी ह्यांचें मराठी व्याकरण छापलें गेलें, व १८१७ पासून मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत मराठी पुस्तकें निघूं लागलीं. त्या छापखान्यांत ही कला पाहून गणपत कृष्णाजी ह्यांनीं स्वतःचा छापखाना काढिला व १८३१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग छापलें. शाईंत चरबी असते ह्या समजुतीनें कित्येक सोंवळे लोक छापील पुस्तकास शिवत नसत. म्हणून त्यांनीं तुपाची शाई केली असें सांगतात. म्हणजे छापलेलें सारें वर्ज्य मानणारे लोक आमच्यांत होते, आणि आतां छापलेलें सारें खरें मानणारेही आहेत. परीक्षा न करणें ह्या एका गोष्टींत दोघेही सारखेच.

९. पारख कशी करावी

ह्या सर्व इतिहासांतून तीन प्रश्न निघतात. कोणताही छापलेला कागद, पुस्तक अथवा मोबाइलवर आलेला मजकूर हातीं आला असतां ते विचारावे.

पहिला : हें कोणी लिहिलें, व तो आपलें नांव सांगतो काय? नांव नसलेलें सर्वच खोटें नसतें. श्पे ह्यानें भीतीमुळें नांव लपविलें. पण नांव नसेल तेथें मजकुराची तपासणी दुप्पट करावी.

दुसरा : ह्यापासून कोणाचा लाभ आहे? क्षमापत्र घेणारानें सावकाराच्या वहीविषयीं विचारलें असतें तर त्याचे पैसे वांचले असते.

तिसरा : हें पडताळून पाहण्यास मला मोकळीक आहे काय? भीति घालून "लगेच माना, लगेच दुसऱ्यास पाठवा" असें जें सांगतें तें क्रामराच्या जातीचें. "चुकत असेल तर दाखवा" असें जें म्हणतें तें शेतकऱ्यांच्या बारा कलमांच्या जातीचें.

बिरुया येथील लोकांनीं प्रत्यक्ष पौलाचें बोलणें ऐकूनही तें शास्त्राशीं दररोज ताडून पाहिलें, आणि ह्याबद्दल त्यांस दोष न देतां थोर मनाचे म्हटलें आहे. पौलाच्या शब्दाची जर परीक्षा होऊं शकते, तर आमच्या ह्या लेखाचीही व्हावी. खिळे आंधळे आहेत, शाई मुकी आहे. डोळे व विवेक वाचणारालाच दिलेले आहेत.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. गुटेनबर्गच्या आधीं छापण्याची कला कोणकोणत्या देशांत होती? मग त्यानें नवें असें काय केलें?
२. १४५४ सालीं माइन्झ येथें कोणतीं दोन निरनिराळीं कामें छापलीं जात होतीं? त्यावरून काय शिकावें?
३. बारा कलमांतील शेवटचें कलम कोणतें? आपल्या पंचांच्या सभेंत तसा नियम ठेविला तर काय फरक पडेल?
४. क्रामर व श्पे ह्या दोघांचींही पुस्तकें छापली गेलीं. त्यांतील भेद वाचणाऱ्यानें कसा ओळखावा?
५. गेल्या महिन्यांत आपल्या गांवांत पसरलेली एखादी बातमी घ्या व वरील तीन प्रश्न तिला लावून पाहा.